थायरॉइड सुधारला, मग बाकीचे हार्मोन का हलले नाहीत?

प्रश्न

पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थिनीचं पत्र. डेझर्टेशनसाठी तिने ३० मादी विस्टार उंदरांचे (प्रयोगशाळेतली रॅटची जात) सहा-सहाचे पाच ग्रुप केले: निरोगी, नुसतं पीटीयू, पीटीयू आणि कांचनसालीचा अर्क २०० मिग्रॅ प्रति किलो, तोच अर्क ४०० मिग्रॅ, आणि पीटीयू अधिक थायरॉक्सिन (औषध म्हणून दिलेलं टी-४). पीटीयू, म्हणजे थायरॉइड मंद करणारं प्रोपिलथायोयुरॅसिल, पिण्याच्या पाण्यातून ०.०५ टक्के, सहा आठवडे. त्यातल्या शेवटच्या चार आठवड्यांत अर्क. प्रयोग जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाला.

अर्काच्या ग्रुपमध्ये थायरॉइडचे हार्मोन टी-३, टी-४ वाढले, थायरॉइडला हुकूम देणारा पिट्युटरीचा टीएसएच उतरला. पण अंडाशयाला हुकूम देणारे एलएच, एफएसएच आणि अंडाशयाचे इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन यांचे 'आकडे जुळत नाहीत'. एकाच ग्रुपमध्ये एकीचं इस्ट्रॅडिऑल दुसरीच्या पाचपट. गाईड मॅडमना 'अर्काने प्रजननक्षमता पूर्ववत होते' असा निष्कर्ष हवा आहे. सीनियर म्हणतात, प्रत्येक ग्रुपमधले दोन वेडेवाकडे आकडे काढून टाक. सबमिशनला दोन महिने आहेत. त्यात मावशी घरी येऊन विचारतेय की थायरॉइडची गोळी सोडून हाच काढा घेऊ का. 'माझा प्रयोग फसला का?' असा पत्राचा शेवट आहे.

उत्तर

'आकडे जुळत नाहीत' हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. कशाशी जुळत नाहीत, ते मात्र एकदाही लिहिलेलं नाही. मला दिसतंय ते असं, की ते तुमच्या मनातल्या साखळीशी जुळत नाहीत: थायरॉइड बिघडला म्हणून प्रजनन हार्मोन बिघडले, थायरॉइड सुधारला म्हणजे तेही सुधारलेच पाहिजेत. साखळी खोटी नाही. थायरॉइड मंद झालेल्या मादी उंदरांचं मदचक्र (माजावर येण्याचं चक्र) खरंच विस्कटतं, डायइस्ट्रस (त्यातला शांत टप्पा) लांबतो, फॉलिकल (अंडं वाढतं त्या पिशव्या) नीट पिकत नाहीत. पण तुम्ही मोजलं ते चक्र नव्हे. एका सकाळी, एकदाच घेतलेलं रक्त मोजलंत, आणि ती सकाळ कोणत्या मादीची कोणत्या टप्प्यातली होती याची नोंद पत्रात कुठेच नाही.

उंदराचं मदचक्र चार ते पाच दिवसांचं. प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटइस्ट्रस, डायइस्ट्रस. इस्ट्रॅडिऑल डायइस्ट्रसमध्ये मिलीलिटरमागे मोजके पिकोग्रॅम असतं आणि प्रोइस्ट्रसला त्याच्या कितीतरी पट चढतं. एलएचची मोठी लाट येते ती फक्त प्रोइस्ट्रसच्या दुपारी, काही तासांपुरती. सकाळी दहाला रक्त घेतलंत तर ती लाट कुठल्याच ग्रुपमध्ये सापडणार नाही, निरोगी ग्रुपमध्येसुद्धा नाही. चार दिवसांचं चक्र धरलं, तर स्मिअर (योनिमार्गातल्या पेशींचा काचेवर घेतलेला थेंब) न बघता उचललेल्या सहा निरोगी माद्या एकाच टप्प्यात असण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. तेव्हा एकीचं इस्ट्रॅडिऑल दुसरीच्या पाचपट आलं यात काहीच वेडंवाकडं नाही. सगळ्यांचं सारखं आलं असतं तर मला हार्मोन मोजायच्या किटची शंका आली असती.

आणखी एक गोष्ट. निरोगी ग्रुपमधल्या माद्या चार टप्प्यांत विखुरलेल्या असणार आणि पीटीयूवाल्या बऱ्याचशा डायइस्ट्रसमध्ये अडकलेल्या. म्हणजे दोन ग्रुपच्या सरासरीत फरक दिसला तरी तो 'हार्मोन कमी झाले' असा नसून 'डायइस्ट्रसमधल्या माद्या जास्त सापडल्या' एवढाच असू शकतो. तोही निष्कर्षच आहे आणि चांगला आहे, पण तो वेगळा आहे.

म्हणून आकडे काढून टाकायचा प्रश्नच येत नाही. सहातले दोन काढले की चार उरतात, आणि जे काढाल ते बहुधा प्रोइस्ट्रसमधल्या माद्यांचे असतील, म्हणजे ज्यांचं चक्र चालू होतं त्यांचेच! आकडा वगळायची कारणं तांत्रिकच असावीत आणि ती निकाल बघायच्या आधी ठरलेली असावीत: सिरम लालसर झालंय, एकाच नमुन्याच्या दोन विहिरींतला (किटच्या प्लेटवरच्या खळग्यांतला) फरक १५ टक्क्यांच्या वर गेलाय, वाचन स्टँडर्ड कर्व्हच्या (किटच्या मोजपट्टीच्या) बाहेर पडलंय. वगळलेला प्रत्येक आकडा कारणासकट परिशिष्टात द्यायचा.

आता हातात काय आहे ते बघू. अंडाशय आणि गर्भाशय फॉर्मेलिनमध्ये आहेत असं तुम्ही लिहिलंय. गर्भाशय काढताना योनिमार्गाचा तुकडा सोबत आला असेल तर तुमचं नशीब थोर, कारण त्याच्या सेक्शनवरून (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापावरून) शेवटच्या दिवसाचा टप्पा आजही ठरवता येतो. प्रोइस्ट्रसमध्ये वरच्या थरात श्लेष्माने भरलेल्या पेशी आणि त्याखाली तयार होत असलेला शृंगी (कडक, मेलेल्या पेशींचा) थर. इस्ट्रसमध्ये जाड शृंगी थर उघडा पडलेला. मेटइस्ट्रसमध्ये तो गळत असतो आणि पांढऱ्या पेशी शिरू लागतात. डायइस्ट्रसमध्ये पातळ अस्तर आणि त्यात पांढऱ्या पेशी. स्लाइडवर फक्त क्रमांक ठेवा, ग्रुप झाका, आणि दोघांनी वेगवेगळं वाचा. तुकडा नसेल तर गर्भाशयाचं वजन आणि पोकळी बघा. प्रोइस्ट्रसमध्ये गर्भाशय पाण्याने फुगलेलं असतं, त्या दिवशी वजन अचानक जास्त भरलेलं दिसेल. अंडाशयात ताजे पीतपिंड आहेत का, मोठी फॉलिकल किती, पोकळी धरून बसलेली पुटकं (सिस्ट) आहेत का, हे मोजा. ताजा पीतपिंड म्हणजे नुकतंच अंडं सुटलेलं. एका सकाळच्या एलएचपेक्षा हा पुरावा कितीतरी भरवशाचा.

टप्पे ठरले की हार्मोनचा तक्ता ग्रुपप्रमाणे एकदा आणि टप्प्याप्रमाणे एकदा मांडा. सरासरीचे दांडे काढू नका, प्रत्येक मादीचा ठिपका दाखवा आणि टप्प्याला रंग द्या. बऱ्याचदा गोंधळ तिथेच सुटतो.

यापेक्षा अवघड प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, कारण तो भाग तुम्हाला यशस्वी वाटतोय. टी-४ का वाढला?

पीटीयू थायरॉइड पेरॉक्सिडेज हे एन्झाइम रोखतं, म्हणजे ग्रंथीत हार्मोन तयार होणंच थांबतं. ते शेवटपर्यंत चालू होतं. अशा ग्रंथीला अर्काने 'चेतना दिली' म्हणायचं तर कुलूप लावलेल्या गिरणीत दळण कुठून आलं ते सांगावं लागेल. एक साधी शक्यता अशी, की अर्क घेतलेल्या माद्यांनी पाणीच कमी प्यायलं. पीटीयू कडू असतं. २५० ग्रॅमची मादी दिवसाला साधारण २५ मिली पाणी पिते. ०.०५ टक्के म्हणजे मिलीला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १२.५ मिग्रॅ, किलोमागे ५० मिग्रॅ. तीच मादी १५ मिलीवर आली तर किलोमागे ३० मिग्रॅ उरतं. पीटीयू कमी, टी-४ जास्त, आणि श्रेय अर्काला! दुसरी शक्यता सालीतल्या टॅनिनची: पोटात औषधं अडकवून ठेवायची खोड टॅनिनला असते. तिसरी, यकृतात पीटीयूचा निचरा लवकर होणं. चौथी शक्यता तुमची, की अर्काचा खरोखर परिणाम झाला. पहिल्या तीन दूर केल्याशिवाय चौथीला हात लावता येत नाही.

ॲनिमल हाउसच्या वहीत रोज बाटलीत किती पाणी भरलं आणि किती उरलं हे लिहिलेलं असेल तर आधी ती वही मिळवा. पिंजऱ्यागणिक आकडा असला तरी चालेल. पीटीयू पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ०.०५ टक्क्यांचं द्रावण नीट ढवळलं नाही तर भुकटी तळाशी बसते आणि नळीतून भलताच डोस जातो. हेही आठवून बघा. नुसत्या पीटीयूच्या ग्रुपला रोज गॅव्हाजने (नळीने थेट पोटात) अर्काशिवायचं सीएमसीचं (अर्क ज्यात कालवतात ते) पाणी दिलं होतं का? दिलं नसेल तर एका ग्रुपला रोज नळीचा ताण आणि दुसरा निवांत, असा फरक आपोआप पडलाय.

जाता जाता, थायरॉक्सिनच्या ग्रुपमध्ये टी-४ नॉर्मल आणि टी-३ थोडा कमी दिसत असेल तर घाबरू नका. पीटीयू यकृतातलं टी-४चं टी-३ करणारं एन्झाइमही अडवतं. मेथिमॅझोल, थायरॉइड मंद करणारं दुसरं औषध, ते अडवत नाही. थायरॉइडवर वनस्पती तपासणाऱ्यांनी मॉडेल निवडताना हा फरक लक्षात ठेवावा, कारण वनस्पतीचा परिणाम नेमका त्या एन्झाइमवर असेल तर पीटीयूच्या मॉडेलमध्ये तो झाकलाच जाईल.

किटचा डबा अजून टाकला नसेल तर त्यावरचं वाचा. टी-३, टी-४, इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन हे रेणू माणसात आणि उंदरात एकच. टीएसएच, एलएच, एफएसएच ही प्रथिनं, ती प्राण्यागणिक वेगळी. माणसासाठीच्या टीएसएच किटवर उंदराचं सिरम लावलं तर आकडा येतो, पण तो टीएसएचचा असतोच असं नाही. बाहेरच्या पॅथॉलॉजी लॅबला नमुने दिले असतील तर ही चूक सर्रास होते. तसं झालं असेल तर ते तीन हार्मोन निकालातून सरळ काढा आणि का काढले ते लिहा. इस्ट्रॅडिऑलसाठी किटची खालची मर्यादा किती आहे ते बघा. डायइस्ट्रसचे आकडे तिच्याही खाली असतील तर तिथे संख्या न लिहिता 'मर्यादेखाली' असंच लिहायचं.

वजनाचा तक्ता पत्रात नाही. पीटीयूवाल्या माद्या कमी खातात, त्यांची वाढ खुंटते, आणि नुसती उपासमारही एलएच दाबते. त्यासाठी पीटीयूवाल्या जेवढं खातात तेवढंच खाणं देऊन ठेवलेला निरोगी ग्रुप लागतो. तुमच्याकडे तो नाही, हे मर्यादांमध्ये लिहावं लागेल. नुसत्या अर्काचा ग्रुपही नाही. खाद्याच्या गोणीवर सोयाबीन पेंड आहे का तेही बघा. सोयातलं जेनिस्टीन इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि थायरॉइड पेरॉक्सिडेजही अडवतं, म्हणजे तुमच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात घालतं. सगळ्या ग्रुपना एकच खाद्य होतं म्हणून तुलना बाद होत नाही, पण मधेच गोणी बदलली असेल तर ती तारीख महत्त्वाची.

तारखांवरून आठवलं. तुमचे शेवटचे आठवडे गणपतीच्या आसपासचे. ॲनिमल हाउस पेठांच्या किंवा नदीपात्राच्या जवळ असेल तर ढोलपथकांचा सराव रोज संध्याकाळी कानठळ्या बसवत असणार. आवाजाच्या ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन चढतं आणि प्रजननाचे हार्मोन दबतात. आणि रात्रीचे दिवे? सलग उजेडात ठेवलेल्या माद्या काही आठवड्यांत कायमच्या इस्ट्रसमध्ये जातात. रखवालदाराने दिवा चालूच ठेवला, एवढ्यावर प्रयोग वाया गेलेले आहेत. बारा तास उजेड, बारा तास अंधार, आणि त्यासाठी शे-दोनशे रुपयांचा टायमर पुरतो.

गाईड मॅडमशी बोलायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. त्यावर टप्प्याप्रमाणे रंगवलेला ठिपक्यांचा आलेख, पाण्याचा तक्ता, आणि खाली नवं शीर्षक: 'पीटीयूने थायरॉइड मंद केलेल्या मादी उंदरांत कांचनसालीच्या अर्काचा टी-३, टी-४ आणि अंडाशयाच्या रचनेवरील परिणाम'. मॅडमना म्हणा, "प्रजननक्षमता म्हटलं तर परीक्षक विचारतील, मीलन केलं का, पिलं किती झाली? ते आपण केलेलं नाही." शीर्षकातला हा शब्द गेला की तोंडी परीक्षेतला अर्धा धोका जातो. त्या चिडतील म्हणून भीती वाटते असं लिहिलंय तुम्ही. वाटेल, पण परीक्षकासमोर तुमच्याइतकीच त्यांचीही बाजू सावरली जातेय, हे पान बघितल्यावर त्यांच्या लक्षात यायला हरकत नाही. दोन महिन्यांत नवा प्रयोग करायच्या भानगडीत पडू नका. प्राणी वाढवायचे तर आयएईसीकडे, म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे, पुन्हा अर्ज लागतो.

ज्यांचा प्रयोग अजून सुरू व्हायचाय त्यांनी एवढं करावं. औषध सुरू करण्याआधी चौदा दिवस रोज सकाळी आठ ते दहाच्या मध्ये स्मिअर. ड्रॉपरमध्ये चार-पाच थेंबांहून कमी सलाइन, टोक जेमतेम आत, दोनदा आत-बाहेर, थेंब काचेवर, रंग न लावता दहा आणि चाळीसच्या भिंगाखाली. गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस. चुरगळलेल्या कागदासारख्या केंद्रकाविना पेशी म्हणजे इस्ट्रस. या दोन्ही आणि पांढऱ्या पेशी, अशा तिन्हींची मिसळ म्हणजे मेटइस्ट्रस. बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. ड्रॉपर खोल घालू नका. गर्भाशयाच्या मुखाला धक्का लागला की मादी खोटी गाभण राहते आणि बारा-चौदा दिवस चक्र बंद पडतं. मग वाटतं की औषधानेच डायइस्ट्रस लांबला. ज्यांची चक्रं नियमित आहेत त्याच माद्या घ्या. शेवटी रक्त घेताना प्रत्येकीचा डायइस्ट्रस येईपर्यंत थांबा, भले सगळ्यांचं रक्त एकाच दिवशी होणार नाही. चक्रच बंद पडलेली मादी डायइस्ट्रसमध्येच मिळेल, ते तसं नोंदवा. आणि रक्ताचा हिशेब आधी करा: समजा पाच हार्मोन, प्रत्येकी दोन विहिरी, विहिरीला ५० मायक्रोलिटर, म्हणजे अर्धा मिली सिरम, त्यासाठी सव्वा मिलीच्या आसपास रक्त.

नर उंदरांवर काम करणाऱ्यांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. उंदरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधला (वृषणाला लागून असलेल्या नळीतला) आठवडाभराचा प्रवास. अठ्ठावीस दिवस अर्क देऊन शुक्राणूसंख्येवर भाष्य करू नये. आणि वय लिहाच: जन्मल्यापासून साडेतीन आठवडे पीटीयू दिलेल्या नरांची वृषणं मोठेपणी लहान राहत नाहीत, उलट मोठी होतात, कारण सर्टोली पेशी (शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी) जास्त काळ वाढत राहतात. कुक आणि मेसामी यांनी १९९१ मध्ये हे दाखवलं, आणि त्या नरांचं टेस्टोस्टेरॉन मात्र जिथल्या तिथेच होतं.

आता मावशी. गोळी सोडायची नाही. तुमचे उंदीर औषधाने मुद्दाम आजारी पाडलेले होते, पीटीयू बंद केलं की त्यांची ग्रंथी आपोआप पूर्ववत झाली असती. मावशींची तशी होणार नाही. शिवाय उंदराच्या अंगातलं निम्मं टी-४ एका दिवसाच्या आत संपतं, माणसात त्याला आठवडाभर लागतो. प्राण्याप्राण्यांत हा फरक केवढा असतो ते बघायचं तर कुत्रा घ्या: त्याला थायरॉक्सिन किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, तेही दिवसातून दोनदा लागतं, माणसाचा पूर्ण डोस किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. तुमचा ४०० मिग्रॅचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ६.२ ने भागला तर ६० किलोच्या बाईला दिवसाला जवळपास ३.९ ग्रॅम अर्क होतो. सालीच्या दहा टक्के अर्क निघाला असेल तर ३९ ग्रॅम साल. चमचाभर चूर्णाशी त्याचा संबंध नाही, आणि हा भागाकार डोस ठरवायला नसतोच. दुकानातल्या कांचनार गुग्गुळात तर नुसता कांचन नसतो, गुग्गुळ, त्रिफळा, त्रिकटू, वरुण हे सगळं असतं. मावशींना वैद्यांकडून काही घ्यायचंच असेल तर थायरॉइडच्या डॉक्टरांना सांगून घ्यावं आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघावा. अश्वगंधा असेल तर ती हमखास सांगायची, तिने थायरॉइडचे हार्मोन चढू शकतात. गोळी उपाशीपोटी, चहाआधी निदान अर्धा तास, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब. गोळी घेऊनही बरं वाटत नसेल तर गडबड इथे असू शकते.

राहिली ती साल. मुळशीकडच्या ओळखीच्यांच्या शेतातल्या झाडाची आणली आणि कॉलेजातल्या सरांनी बघून 'कांचनच' म्हटलं, एवढ्यावर थांबू नका. दसऱ्याला मंडईबाहेर आपट्याच्या नावाने कांचनाचीच पानं विकली जातात, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. पानाचे दोन पाळे बघून ओळख पटत नाही. आपटा बाउहिनिया रेसिमोसा, आणि कांचन म्हणून व्हेरिएगाटा व परप्युरिया दोन्ही खपतात. मराठी नावं तर गावागणिक बदलतात. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातल्या, १९९९ मध्ये छापून आलेल्या कामाचा तुम्ही आधार घेतलाय. त्यात साल परप्युरियाची होती आणि प्राणी माइस होते, म्हणजे रॅट नव्हे, लहान जातीचे उंदीर. तुमचं झाड कोणतं? सुक्या सालीवरून सांगणं कठीण, फुलावरून सोपं. परप्युरिया पावसाळा सरल्यावर फुलतो, फुलात काम करणारे पुंकेसर बहुधा तीन. व्हेरिएगाटा फेब्रुवारीच्या सुमारास, पानं गळून गेल्यावर फुलतो आणि पुंकेसर पाच. त्याच झाडाची फुलासकट फांदी दाबून, वाळवून कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळखीसाठी द्या आणि मिळालेला नमुना क्रमांक थिसिसमध्ये घाला. सबमिशनच्या आधी फूल आलं नाही, तर साल जिथून काढली त्या जागी खोडावर रंगाची खूण करून ठेवा, म्हणजे फुलल्यावर शेजारच्या दुसऱ्याच झाडाची फांदी तोडून आणली जाणार नाही.